बखरीत घुसलेली ओळ

पहिला फटका बसला तेव्हा गुरुनाथच्या हातात किटली होती. दोन मगांत चहाच्या पिशव्या टाकून झाल्या होत्या आणि आज दूध कमी घालू का, असं तो इलियेला विचारतच होता. तेवढ्यात हॉलच्या स्वयंपाकघराचं दार धाडकन भिंतीवर आपटलं. आत आलेल्या माणसाने गुरुनाथकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने कोपऱ्यातली घडीची लोखंडी खुर्ची उचलली आणि मिटलेल्या अवस्थेतच ती इलियेच्या खांद्यावर घातली.

"सोरिन," इलिये एवढंच म्हणाला. वर्गात उशिरा आलेल्या मुलाचं नाव घ्यावं तसं.

दुसरा फटका कानामागे बसला. इलिये वाकला, तोल सांभाळायला त्याने हवेत हात फिरवला आणि रेडिएटरच्या कडेवर डोक्यानेच कोसळला. सहासष्ट वर्षांचा माणूस. मशरूमच्या शेडमध्ये ट्रे उचलून उचलून कंबर आधीच गेलेली. सोरिनने खुर्ची फेकून दिली आणि तो लाथा घालू लागला. पायात पुढे लोखंड असलेले कामाचे बूट होते. पहिली लाथ बरगड्यांत, दुसरी पोटात. तिसरीला इलियेने तोंडावर हात आणला तर ती हातावरच बसली. ओली काटकी मोडावी तसा बोटांचा आवाज झाला. प्रत्येक लाथेबरोबर सोरिन एकच शब्द ओरडत होता, "होत्सी! होत्सी!"

गुरुनाथ उभा होता. हातातली किटली हलत होती, उकळतं पाणी तोटीतून स्वतःच्याच बुटावर सांडत होतं, आणि तो लाथा मोजत होता. औषधाच्या कारखान्यात अठरा वर्षं तो मोजमापाची यंत्रं तपासायचं काम करत होता. डोळ्यांसमोर काही हललं की मनात आकडा उमटायचाच. चार. पाच.

सहाव्या लाथेला त्याने किटली टाकली आणि सोरिनला मागून मिठी मारली. सोरिनचं कोपर त्याच्या जबड्यात बसलं, तोंडात रक्त आलं, तरी त्याने हात सोडले नाहीत. मग सोरिनच एकाएकी थांबला. जमिनीवर पसरत चाललेल्या रक्ताकडे त्याने बघितलं, भिंतीला टेकून खाली बसला आणि स्वतःचे हात मांडीवर उताणे ठेवले. पळून जायचा त्याने प्रयत्नही केला नाही. गार्ड, म्हणजे तिथले पोलीस, येईपर्यंत तो तसाच बसून होता.

*

आयर्लंडमध्ये नासजवळच्या त्या छोट्या गावातला तो हॉल. दर शनिवारी सकाळी दहा ते साडेअकरा तिथे रुमानियन मुलांची शाळा भरे. शिक्षक एकटा इलिये बालान. नंतर तोच हॉल मराठी वर्गाला मिळे, आणि तिथे शिक्षक गुरुनाथ सबनीस. दोघांचं एक कपाट होतं. त्या गावात राहून गुरुनाथही तिथल्या लोकांसारखा कपाटाला प्रेस म्हणू लागला होता. वरचा कप्पा इलियेचा, खालचा मराठीचा. तीन वर्षांपूर्वी चुकून एकमेकांचे खडू वापरले आणि तिथून ओळख झाली. शनिवारी हॉल उघडायच्या आधी अर्धा तास दोघं चहा प्यायचे. शेडमधल्या कामाविषयी किंवा कारखान्याविषयी ते कधी बोलले नाहीत. बोलायचे ते इतिहासावर.

इलिये आपल्या गावी, रुमानियातल्या उत्तर मोल्दावियात, बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवत होता. बायको गेली, पेन्शन औषधांनाही पुरेना, म्हणून तो इथे आला. गुरुनाथ सांगलीचा. त्याने डिप्लोमा यंत्रांचा केला, पण लहानपणापासून नाद बखरींचा.

"बखर," इलिये तो शब्द घोळवून म्हणायचा. "बाखार. चांगला शब्द आहे. खोकल्यासारखा. आतून येतो."

त्यांच्याकडेही बखरकार होते. साडेतीनशे वर्षांपूर्वी, जेव्हा चर्चची आणि दरबाराची लिहायची भाषा वेगळीच होती, तेव्हा मोल्दावियातल्या काही सरदारांनी आपल्या बोलीत आपल्या लोकांचा इतिहास लिहायला घेतला. आपण कोण, कुठून आलो, कोणी कोणाचं डोकं उडवलं, सगळं. इलिये त्यांच्याविषयी शेजारच्या गल्लीतल्या माणसांविषयी बोलावं तसा बोलायचा.

दिवाळीच्या कार्यक्रमासाठी मराठी वर्गाने पुरंदरचा वेढा बसवायला घेतला होता. मुरारबाजीचं काम करणारी साक्षी पुठ्ठ्याची तलवार घेऊन पडल्या पडल्या भांडत होती, "बट काका, ही हॅज नो हेड. हाऊ इज ही स्टिल फायटिंग?"

"बखरीत तसं लिहिलंय, बाळा. मुंडकं पडलं तरी धड लढत राहिलं."

"दॅट्स नॉट ईव्हन पॉसिबल, लाइक."

दाराशी उभा राहून इलिये मनापासून हसला होता. "तुमच्या बखरकारांनाही ओळी वाढवायची सवय आहे तर!"

त्या नाटकापायीच सगळं घडलं. निदान गुरुनाथला तरी तसंच वाटत राहिलं. मारहाणीच्या आधीच्या शनिवारी त्याने इलियेला विचारलं होतं, "आज पंधरा मिनिटं आधी हॉल देशील का? तालीम लांबते आहे. पालक कुरकुर करतात."

"घे की. माझा धडा अर्धाच होईल. उरलेला पुढच्या शनिवारी."

तालीम झाल्यावर, पालक मुलांना घेऊन गेल्यावर, इलियेने त्याला तो धडा काय होता ते सांगितलं. पहिल्या बखरकाराची बखर अपुरी राहिली आणि तो वारला. मग कोणी एका नकलनविसाने तिची नक्कल करताना स्वतःच्या पदरची एक गोष्ट आत घुसडली. म्हणे, आपले पूर्वज म्हणजे रोमच्या तुरुंगातून सोडलेले दरोडेखोर. लढायला माणसं हवी होती म्हणून बादशहाने पाठवून दिलेले.

"चोरांची अवलाद," इलिये म्हणाला. "एका नकलनविसाने लिहिलं आणि ते पसरलं. शेजारच्या देशांनी उचललं. तीसेक वर्षांनी दरबारातला एक मोठा माणूस हे वाचून इतका पेटला, की ती एक ओळ धुऊन काढायला त्याने अख्खा ग्रंथ लिहिला. पुरावे गोळा केले. जुने किल्ले, नाणी, शब्द. आमची भाषा कुठून आली ते दाखवलं."

"मग?"

"मग त्याला मारलं. आमच्याच राजाने. कटाचा संशय. चौकशी नाही, खटला नाही. तो बायकोच्या अंत्यविधीत होता, तिथून धरून नेला आणि रस्त्यात मुंडकं उडवलं." इलियेने चहाचा घोट घेतला. "ते वेगळं. मुलांना मला उत्तर सांगायचं आहे. इथल्या शाळेत त्यांना रोज कोणीतरी चोर म्हणतं, गुरू. पेन्सिल हरवली तरी यांच्याकडे बघतात. त्यांना कळू दे, की ही शिवी जुनी आहे आणि तिला उत्तर देऊन झालेलं आहे. आज शिवी सांगून झाली. उत्तर शनिवारी."

तो शनिवार उजाडायच्या आत दहा वर्षांच्या योआनाला शाळेत तीन मुलींनी लॉकरवर ढकललं. कोणाचे तरी इयरफोन सापडत नव्हते. भुवई फुटली, टाके पडले. रात्री जेवताना तिच्या वडिलांनी विचारलं, तू त्यांना उलट का बोलली नाहीस? ती म्हणाली, "आपण चोरच आहोत ना. सरांनी सांगितलं. आपल्या पणजोबांचे पणजोबा चोर होते."

तिचे वडील म्हणजे सोरिन, लॉरीचा ड्रायव्हर. त्या आठवड्यात गोदामावर त्याच्या लॉरीची दोनदा झडती झाली होती. फक्त त्याच्याच.

होत्सी म्हणजे चोर. गुरुनाथला हे गार्ड स्टेशनमध्ये दुभाष्याकडून कळलं.

*

गुरुनाथची बायको सुमेधा नासच्या हॉस्पिटलमध्ये नर्स होती. दुपारी तिचाच फोन आला.

"सीटी झालं. ब्लीड मोठा आहे, डाव्या बाजूला. डब्लिनला, ब्युमॉन्ट हॉस्पिटलमध्ये हलवताहेत. तुमच्याही तोंडाला लागलंय म्हणे. कोणी बघितलं का?"

"दात हलतोय. तो जगेल ना?"

"जगेल बहुतेक," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण बोलायची बाजू आहे ती."

संध्याकाळी मराठी मंडळाचा अध्यक्ष रविकांत घरी आला. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, मनाने वाईट नाही. गेल्या उन्हाळ्यात पोरांच्या टोळक्याने आपल्यातल्या एकाला भर रस्त्यात मारलं, कपडे फाडले, तेव्हा हॉस्पिटलपासून वकिलापर्यंत हाच धावला होता.

"हे बघ गुरुनाथ, त्यांचं त्यांचं भांडण आहे. आपण का मधे पडायचं? तू चहा करत होतास. पाठ होती तुझी. आवाज ऐकून वळलास, तोवर संपलं होतं. बस. एवढंच सांगायचं."

"पाठ नव्हती, रविकांत."

"अरे पण कोण बघायला होतं? त्या सोरिनचे चुलतभाऊ इथेच राहतात, माहितीये ना? आपली मुलं त्याच हॉलमध्ये येतात. उद्या कोणी दगड घातला तर?"

रविकांत गेल्यावर सुमेधा त्याच्या बुटावर सांडलेल्या पाण्याने भाजलेल्या पावलाला मलम लावत बसली.

"मला एक सांगा," ती खाली बघतच म्हणाली. "तुम्ही लगेच धरलं ना त्याला?"

त्याने पाऊल जरा मागे ओढलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन तो जबाब द्यायला गेला. जबाब घेणारी गार्ड तरुण होती, पंचविशीची. तो सांगत होता आणि ती हाताने लिहीत होती. सगळं लिहून झाल्यावर तिने त्याला वाचून दाखवलं. खुर्ची, दोन फटके, रेडिएटर, लाथा. शेवटी, "त्यानंतर मी आरोपीला मागून धरलं."

"त्यात एक राहिलं," गुरुनाथ म्हणाला. "धरण्याआधी मी उभा होतो. पाच लाथा होईपर्यंत. त्या मी मोजल्या."

तिने मान वर केली. "ते लिहायची गरज नाही. यू आर ग्रँड, काही बिघडलं नाही. घाबरतं माणूस."

"लिहा. घडलंय ते."

"तुमच्यावर काही आळ नाहीये."

"माहितीये. तरी लिहा."

तिने ओळ लिहिली. त्याने त्याखाली सही केली.

*

बुधवारी संध्याकाळी पाळी सुटल्यावर कारखान्याच्या पार्किंगमध्ये दोन माणसं त्याच्या गाडीजवळ उभी होती. एकाच्या हातात चाकाचे नट सोडायचा लांब पाना होता. गुरुनाथ दहा पावलांवर येईपर्यंत त्याने पुढची काच फोडली, मग आरसे, मग दिवे. न ओरडता, ठरवून, एकामागून एक. सुटलेले लोक लांबून बघत होते. कोणीतरी फोन काढला होता.

"तू गेलास सांगायला," पाना धरलेला माणूस इंग्रजीत म्हणाला. "त्याला मूल आहे. तो आत गेला तर तिला कोण खायला घालणार? तू?"

गुरुनाथला पळता आलं असतं. सिक्युरिटीची खोली डावीकडेच होती. पण पाय पुढे गेले, का ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. "मी जे बघितलं तेच सांगितलं," असं काहीतरी तो म्हणाला असावा. पाना वर गेला. त्याने डावा हात आडवा धरला. मनगट मोडलं तेव्हा दुखलं नाही. फक्त हात भलत्याच ठिकाणी वाकलेला दिसला. तो खाली बसला तशी पाठीत एक लाथ बसली. दुसऱ्या माणसाने पाना धरलेल्याला ओढत नेलं.

या खेपेला लांबून बघणाऱ्यांतला एकही जण पुढे आला नाही. गुरुनाथला त्यांचा राग आला नाही. खडीवर बसल्या बसल्या त्याने त्या लोकांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. शनिवारी आपला चेहरा असाच असणार, हे त्याला कळलं.

हाताला प्लेट आणि सहा स्क्रू बसले. रविकांत बघायला आला, जाताना फक्त मोडलेल्या हाताच्या बोटांना हळूच हात लावून गेला.

*

पुढच्या रविवारी दुपारी दारावर एक बाई उभी होती. तिच्यासोबत भुवईला टाके घातलेली मुलगी. बाई म्हणाली, "मी लिविया. सोरिनची बायको."

सुमेधा दार अडवून उभी राहिली. तिच्या नवऱ्याच्या गळ्यात हात बांधलेला होता, आणि समोर त्या घरातली बाई.

"मी माफी मागायला नाही आले," लिविया तुटक इंग्रजीत म्हणाली. "मागून काय होणार? ही खात नाही. आठ दिवस. म्हणते, मी केलं. मी पप्पांना सांगितलं म्हणून सर मेले."

"सर मेले नाहीत," गुरुनाथ आतून म्हणाला. "ये, आत ये."

सुमेधाने क्षणभर त्या मुलीच्या मनगटाकडे बघितलं, कपड्यांतून बाहेर आलेल्या काटकीसारखं होतं ते, आणि ती बाजूला झाली. तिने न विचारताच गॅसवर वरणभात गरम करायला ठेवला.

योआना सोफ्याच्या टोकाला बसली. गुरुनाथ तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. 

"सरांचा धडा अर्धा राहिला," तो म्हणाला. "तो माझ्यामुळे राहिला. मी त्यांच्याकडे पंधरा मिनिटं मागितली. नाटकासाठी. उरलेला धडा त्यांनी मला सांगितलाय. ऐकणार?"

तिने मान हलवली की नाही ते कळलं नाही. तो सांगू लागला. मूळ बखर लिहिणाऱ्याने ती ओळ लिहिलीच नव्हती. ती मागाहून एका नक्कल करणाऱ्याने घुसडली. ती खोटी होती. मग एका माणसाने वर्षानुवर्षं खपून तिला उत्तर लिहिलं. तू बोलतेस ती भाषा हाच त्याचा पुरावा होता. तुझी आई तुला हाक मारते ते शब्द.

लिविया मुलीच्या कानाशी लागून अडलेले शब्द रुमानियनमध्ये सांगत होती. सांगता सांगता मधेच थांबली. तिलाही हे माहीत नव्हतं.

"मग लोकांना पटलं?" योआनाने इंग्रजीत विचारलं. तिचे उच्चार थेट इथल्या किल्डेअर परगण्याचे होते.

"हळूहळू. खूप वर्षांनी. पण पटलं."

"त्या माणसाचं काय झालं?"

गुरुनाथने लिवियाकडे बघितलं. तो थाप मारू शकला असता. म्हातारा होऊन सुखाने गेला, एवढंच म्हणायचं होतं.

"त्याला मारून टाकलं," तो म्हणाला.

"कोणी?"

"त्याच्याच माणसांनी. चूक त्यांची होती. त्याची नव्हती, आणि सरांकडून ऐकलेलं घरी सांगणाऱ्या मुलांची तर मुळीच नव्हती."

मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली. मग रडू लागली. दहा वर्षांच्या मुलीसारखी, नाक ओढत, आवाज करून. सुमेधा वरणभाताची ताटली घेऊन आली आणि तिच्याजवळ बसून भरवू लागली. चार घास गेले. पाचव्याला तिने चमचा स्वतःच्या हातात घेतला.

*

खटला पुढच्या जूनमध्ये उभा राहिला. सोरिनने गुन्हा कबूल केला होता, त्यामुळे प्रश्न फक्त शिक्षेचा होता. तरी गुरुनाथला बोलावलं, कारण जबाबातल्या काही गोष्टी बचावाच्या वकिलाला विचारायच्या होत्या. वकील बाई सौम्य होती. तिने विचारलं, श्री. बालान यांनी त्या मुलांना, त्यांचे पूर्वज चोर होते असं शिकवलं, हे खरं का?

"नाही," गुरुनाथ म्हणाला. "त्यांनी तसं एकाने खोटं लिहिलं होतं, असं शिकवायला घेतलं. धडा पुरा झाला असता तर मुलीने घरी जाऊन वेगळंच सांगितलं असतं. तो पुरा झाला नाही, कारण मी पंधरा मिनिटं आधी हॉल मागितला. आरोपीला अर्धंच कळलं. हे त्याच्या बाजूने लिहायचं असेल तर लिहा. आणि म्हाताऱ्या माणसाला खाली पडल्यावर त्याने लाथा घातल्या, तेही लिहा."

सोरिनने आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याकडे मान वर करून बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं. त्याला साडेतीन वर्षं झाली. लिविया मागच्या बाकावर बसली होती. ती रडली नाही. शिक्षा ऐकून तिने पर्स बंद केली आणि उठली.

इलियेला जगवलं होतं. उजवा हात आणि उजवा पाय अर्धवट, आणि शब्द गेलेले. समजायचं सगळं, पण तोंडातून दोन-तीनच आवाज यायचे. इंग्रजी पूर्ण पुसली गेली होती. मातृभाषेतले काही शब्द परत येतील, असं डॉक्टर म्हणाले होते. कोणते ते सांगता येत नव्हतं. गावाहून त्याची धाकटी बहीण अग्लाया त्याला न्यायला आली. डोक्याला रुमाल बांधलेली, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली बाई.

जुलैतल्या एका सकाळी गुरुनाथ त्यांना डब्लिनच्या विमानतळावर सोडायला गेला. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा घाईत होता, मागे रांग वाढत होती. बाहेर उन्हाळा असूनही इलियेने शर्टावर जाड कोट घातला होता. घरी जाताना कोट हवाच, असं बहुधा त्याने ठरवलं होतं. अग्लायाने वाकून भराभर कोटाची बटणं लावली. एक भोक चुकलं, आणि खालची सगळी बटणं एकेक घर सरकली. कोट तिरका झाला.

ती व्हीलचेअरच्या मागे गेली. इलियेने डावा हात वर करून थांबा अशी खूण केली.

मग त्याने त्या एका हाताने सगळी बटणं काढली. वरपासून खालपर्यंत. आणि पहिल्यापासून पुन्हा लावायला घेतली. बटण भोकात जाईना तेव्हा तो थांबला, श्वास घेतला, अंगठा पुन्हा वळवला. मागचे लोक घड्याळात बघू लागले. व्हीलचेअरवाला मुलगा काहीतरी बोलायला गेला, पण गुरुनाथने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कोणी मदत केली नाही. पहिलं लागलं. दुसरं लागलं. तिसऱ्याला बराच वेळ गेला.

शेवटचं लागल्यावर इलियेने कॉलर सारखी केली, समोर बघितलं आणि मान हलवली. चला.